नावं ठेवू नका, नाव ठेवा



आजचा विषय ऐकून काही वाचक पान उलटतील, हे आम्ही गृहीतच धरलं आहे. 'प्रोग्रॅममधल्या लांबलचक फंक्शनचे लहान, स्वच्छ तुकडे कसे करावेत' हा काही जेवणानंतर सुपारी कातरताना काढायचा विषय नव्हे. पण आपल्याकडे घरोघरी एखादा तरी सॉफ्टवेअरवाला असतोच. घरात नसला तर भाचा-पुतण्या असतो, नाहीतर होऊ घातलेला जावई असतो! हा माणूस संध्याकाळी थकून घरी येतो आणि 'आज काय केलंस?' असं विचारलं तर म्हणतो, 'नवीन काही नाही, जुनंच नीट लावत होतो.' घरच्यांना वाटतं, एवढ्यासाठी कंपनी पगार देते? तर तो 'नीट लावत' होता म्हणजे नेमकं काय करत होता, ते या खेपेला सांगायचा बेत आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. फोडणी येत असली की पुरे.

आमटीची कृती आपण कशी सांगतो ते आठवा. तुरीची डाळ मऊ शिजवून घोटून घ्यावी. फोडणी करावी. त्यात डाळ, पाणी, चिंच, गूळ, मीठ आणि गोडा मसाला घालून उकळी आणावी. संपली कृती. पण यातल्या 'फोडणी करावी' या दोन शब्दांमागे केवढं काम आहे! तेल तापवायचं, मोहरी टाकायची, ती तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, आणि हळद करपायच्या आत पुढचं सगळं. 'गोडा मसाला' या दोन शब्दांमागे तर धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेसर, लवंग, दालचिनी अशी वरातच आहे आणि त्यातली एकेक वस्तू वेगळी भाजायची आहे. हे सगळं आमटीच्या कृतीतच लिहीत बसलं तर दोन पानं भरतील आणि डाळ केव्हा घालायची ते शोधायला भिंग लागेल.

आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं? कामाचा एक तुकडा बाजूला काढला आणि त्याला नाव ठेवलं. त्यामुळे तीन गोष्टी साधल्या. एक, आमटीची कृती चार ओळींत मावली. दोन, उद्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मसाल्यात खोबरं कमी करायचं ठरलं तर ते एकाच ठिकाणी करायचं. आमटी, भरली वांगी, मसालेभात, सगळीकडे तो बदल आपोआप पोचतो. तीन, तेच काम वेगळ्या सामानावर करता येतं. आमटीला तेल-मोहरीची फोडणी, कोशिंबिरीला तूप-जिऱ्याची. काम एकच, सामान बदललं.

प्रोग्रॅममधल्या अशा बाजूला काढलेल्या, नाव दिलेल्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. जावासारख्या भाषांत तो एखाद्या क्लासच्या आत असला की त्यालाच मेथड म्हणतात. त्याला दिलेलं सामान म्हणजे पॅरामीटर. कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९४९ साली एडसॅक नावाचं यंत्र सुरू झालं, त्याच्यावर डेव्हिड व्हीलर यांनी ती प्रत्यक्षात आणली. पुढे १९५१ साली मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांनी प्रोग्रॅमिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात असे तयार तुकडे संग्रही ठेवून वापरण्यावरच मोठा भर होता. म्हणजे प्रोग्रॅमिंगला सुरुवात झाली तेव्हापासून 'तुकडा काढा, नाव ठेवा' हे शहाण्यांना ठाऊक आहे. मग तरीही चारशे, सातशे, हजार ओळींची फंक्शनं जगात निर्माण होतातच कशी?

याचं उत्तर एका उदाहरणाने देतो. समजा, एका मराठी मंडळाचा नोंदणीचा प्रोग्रॅम आहे. (कुठल्या गावचं मंडळ ते विचारू नये, उदाहरण काल्पनिक आहे!) त्यात 'एकूण रक्कम' नावाचं फंक्शन आहे. पहिल्या वर्षी ते बारा ओळींचं होतं. कुटुंबाची वर्गणी अधिक गणपतीच्या जेवणाची कुपनं, बेरीज करा, संपलं. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना सवलत आली. मग ज्येष्ठांना सवलत. मग पाच वर्षांखालच्या मुलांना जेवण फुकट. मग उशिरा नोंदणी करणाऱ्यांना जादा आकार. मग गणपती आणि दिवाळी यांची एकत्र नोंदणी. मग एका वर्षी भारतातून नाटक आलं, त्याच्या पुढच्या रांगांचे दर वेगळे. २०२० मध्ये कार्यक्रम रद्द करावे लागले, तेव्हा परताव्याचा हिशेब. रक्कम काढून झाल्यावर पावतीचा ईमेल जायला हवा, तोही त्याच फंक्शनच्या पोटात. दर वेळी पंधरा-वीस ओळी वाढल्या. दर वेळी कोणीतरी स्वयंसेवक शुक्रवारी रात्री, मुलं झोपल्यावर, हे काम करत होता, कारण शनिवारी सकाळी नोंदणी उघडायची होती. प्रत्येकाने 'आधी जिथे असंच काहीतरी लिहिलंय, त्याच्या खाली आपलंही लिहू' हाच विचार केला. यात चूक कोणाचीच नाही. पण दहा वर्षांनी त्या फंक्शनच्या चारशे ओळी झाल्या, आणि ज्याने ते मुळात लिहिलं तो नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेला.

आता कार्यकारिणी ठरवते की विद्यार्थ्यांना उशिराचा आकार लावू नये. एका ओळीचा बदल. पण कुठल्या ओळीत? उशिराच्या आकाराचा उल्लेख चारशे ओळींत तीन ठिकाणी आहे. एक ठिकाण फक्त एकत्र नोंदणीला लागू आहे, दुसरं परताव्याला, आणि तिसरं कशाला ते कोणालाच सांगता येत नाही. एका जागी बदल केला तर कोणाला दुप्पट आकार लागेल, कोणाला उणे रक्कम दिसेल. आणि गणपतीच्या दिवशी दारात, रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर, खजिनदारबाई ते निस्तरत बसतील.

मंडळाच्या दारातला वाद चहावर मिटतो. पण हीच गोष्ट शेअर बाजारात घडली तर?

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहारांतली बडी कंपनी होती. मोठ्या ऑर्डरचे लहान लहान भाग करून ते बाजारात पाठवणारा तिचा एक प्रोग्रॅम होता. त्यात 'पॉवर पेग' नावाचा एक जुना भाग होता. २००३ साली त्याचा वापर थांबला, पण कोड तसाच राहू दिला गेला. मूळ ऑर्डरीतले किती शेअर झाले, म्हणजे आता थांबायचं की नाही, हे मोजणारा एक तुकडा होता. २००५ मध्ये तो त्याच्या जागेवरून उचलून आधीच्या टप्प्यावर नेण्यात आला. तो हलवल्यानंतर पॉवर पेग नीट चालतो की नाही हे तपासलं गेलं नाही. २०१२ मध्ये एक नवी सोय करताना, पूर्वी पॉवर पेग चालू करणारा जो संकेत होता तोच नव्या कामासाठी घेतला गेला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एक राहून गेला.

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला आणि त्या राहिलेल्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा झाला. 'पुरे झालं, थांब' असं त्याला सांगणारं आता तिथे कोणी नव्हतं. त्या सर्व्हरकडे आलेल्या २१२ ऑर्डरींपायी त्याने बाजारात लक्षावधी ऑर्डरी सोडल्या. सुमारे ४५ मिनिटांत ३९ कोटींहून जास्त शेअरचे व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला. सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला तो वेगळाच. त्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळून गेली आणि तिचं स्वतंत्र अस्तित्व संपलं.

या प्रकरणाला कारणं अनेक होती, सगळा दोष एका फंक्शनवर टाकणं बरोबर नाही. पण आजच्या विषयापुरत्या दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. कोडचा तुकडा इकडून तिकडे हलवणं हे बघताना किरकोळ वाटणारं काम न तपासता केलं तर ते सात वर्षांनीही अंगावर येऊ शकतं. आणि वापरात नसलेला कोड म्हणजे माळ्यावरची निरुपद्रवी अडगळ नव्हे. त्याची वायर अजून भिंतीत जोडलेली असते.

बरं, लांब म्हणजे तरी किती लांब? यावर धर्मयुद्धं झालेली आहेत, त्यात आम्ही पडत नाही. दोन मोजमापं मात्र सांगतो. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये, ज्याच्यावर जीव अवलंबून असतात अशा सॉफ्टवेअरसाठी दहा नियम मांडले. त्यातला एक असा की फंक्शन छापलं तर एका कागदावर मावावं, म्हणजे साधारण ६० ओळी. दुसरं मोजमाप टॉमस मॅकेब यांचं, १९७६ सालचं. त्यांनी ओळी मोजल्याच नाहीत. फंक्शनमध्ये 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असे फाटे किती, ते मोजले. त्यांचा आकडा १० च्या वर जाऊ नये अशी त्यांची शिफारस होती. कारण सोपं आहे. एकापुढे एक दहा 'जर-तर' असले आणि ते एकमेकांवर अवलंबून नसले, तर आरंभापासून शेवटापर्यंत जायच्या १०२४ वाटा होतात. १०२४ वाटा कोण तपासणार? पण त्याच दहा फाट्यांचे पाच लहान तुकडे केले, प्रत्येकात दोन-दोन फाटे, तर दर तुकड्यात फक्त चार वाटा. वीस वाटा आणि त्यांची एकमेकांशी जुळणी एवढं एका संध्याकाळी तपासून होतं.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कोडचं बाहेरून दिसणारं वागणं न बदलता आतली मांडणी सुधारणं, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये यावर पीएचडीचा प्रबंध लिहिला आणि १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी (म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरोघरी) पोचवला. लांब फंक्शनमधून तुकडा काढणं हा त्यातला सगळ्यात जास्त लागणारा प्रयोग. तो पाच पायऱ्यांत सांगतो.

पहिली पायरी: हात लावायच्या आधी फोटो काढून ठेवा. सामान हलवणारे लोक फर्निचरचा फोटो काढतात तसा. आपल्या उदाहरणात काय करायचं? चार-सहा प्रकारची कुटुंबं घ्यायची. दोन मोठे आणि एक लहान मूल, एकटा विद्यार्थी, भारतातून आलेले आजी-आजोबा, वेळेत नोंदणी केलेले, उशिरा केलेले. आजचा प्रोग्रॅम प्रत्येकाची किती रक्कम काढतो ते जसंच्या तसं टेस्टमध्ये लिहून ठेवायचं. इथे ती रक्कम बरोबर आहे की चूक हे विचारायचं नाही. 'आज असं आहे' एवढंच. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात ज्या कोडला टेस्ट नाहीत त्याला सरळ 'जुना वारसा' याच सदरात टाकलं आहे, मग तो कोड काल लिहिलेला का असेना!

दुसरी पायरी: शिवण शोधा. कपडा उसवायचा तर शिंपी शिवणीवर उसवतो, मध्येच कापड फाडत नाही. लांब फंक्शनमध्ये शिवणी दिसतात. मध्येच एक रिकामी ओळ सोडलेली असते आणि त्याखाली टीप असते, 'आता कुपनांचा हिशेब'. ही टीप लिहिणाऱ्या माणसाला तिथे मथळा द्यावासा वाटला, म्हणजे तुकडा त्याच्या मनात वेगळा झालेलाच होता. फक्त कोडमध्ये तो वेगळा व्हायचा राहिला.

तिसरी पायरी: तुकडा उचला, आणि त्याला बाहेरून काय लागतं व तो बाहेर काय देतो हे बघा. कुपनांच्या हिशेबाला कुटुंबात कोण कोण आहेत ते लागतं आणि तो एक रक्कम परत देतो. छान! पण एखाद्या तुकड्याला नऊ गोष्टी आत द्याव्या लागत असतील आणि त्याच्याकडून चार परत घ्याव्या लागत असतील, तर समजा की शिवण चुकली. तुकडा परत जागेवर ठेवा आणि दुसरीकडे बघा.

चौथी पायरी: नाव ठेवा. ही सगळ्यात अवघड. आपल्याकडे बारशाला आत्या असते, ती कानात नाव सांगून मोकळी होते. कोडला आत्या नाही. त्यामुळे 'डेटा हाताळा', 'प्रक्रिया दोन', 'इतर' अशी पोरकी नावं सर्वत्र हिंडताना दिसतात. नाव कसं असावं? काम काय होतं ते सांगणारं असावं, कसं होतं ते नव्हे. 'यादीतून फिरून बेरीज' हे नाव नव्हे, 'जेवणाची कुपनं' हे नाव. नावात 'आणि' घालावा लागला तर थबकावं. 'रक्कम काढा आणि ईमेल पाठवा' ही दोन कामं आहेत. ती वेगळी केली की रक्कम बरोबर निघते का हे शंभर वेळा तपासता येतं आणि शंभर घरांना चुकीच्या पावत्या जात नाहीत. आणि काही केल्या नाव सुचतच नसेल तर? तर दोष तुमच्या शब्दसंग्रहाचा नाही. तो तुकडा म्हणजे एक काम नव्हे, हेच तो सांगत असतो.

पाचवी पायरी: टेस्ट चालवा. सगळ्या रकमा फोटोतल्यासारख्याच आल्या तर बदल जतन करा आणि पुढचा तुकडा घ्या. नाही आल्या तर मागे फिरा. मागे जायचं अंतर पाच मिनिटांचंच असतं. चारशे ओळी एका दमात उलथ्यापालथ्या करणाऱ्याला हे सुख नाही.

असं करत गेल्यावर आपलं चारशे ओळींचं फंक्शन शेवटी असं दिसतं:

एकूण रक्कम (कुटुंब, नोंदणीची तारीख):
— वर्गणी = वार्षिक वर्गणी (कुटुंब)
— जेवण = जेवणाची कुपनं (कुटुंब)
— उशीर = उशिराचा आकार (वर्गणी, नोंदणीची तारीख)
— उत्तर: वर्गणी + जेवण + उशीर

(नाटकाची तिकिटं आणि परतावा जागेअभावी गाळले आहेत.) झाली ना आमटीची कृती? आता कार्यकारिणीचा तो ठराव घ्या. बदल कुठे करायचा ते खजिनदारबाईही बोट ठेवून दाखवतील. शिवाय आणखी एक गोष्ट कळते. उशिराच्या आकाराला आजवर फक्त वर्गणी आणि तारीख एवढंच मिळत होतं. समोर विद्यार्थी आहे की कोण, हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणजे आता त्याला कुटुंबही द्यावं लागेल. आधी जे चारशे ओळींत हरवलं होतं ते आता एका ओळीवरून वाचता येतं.

इथे एक पथ्य फार कडक पाळावं लागतं. फाउलर यांनी आपल्या पुस्तकात केंट बेक यांची दोन टोप्यांची कल्पना सांगितली आहे. एक टोपी नवं काम घालायची, दुसरी मांडणी सुधारायची. एका वेळी डोक्यावर एकच टोपी. मांडणी सुधारता सुधारता चुका दिसतातच, आणि हात शिवशिवतात. समजा, आपल्या फंक्शनमध्ये दोन तुकडे वेगळे केल्यावर दिसलं की वर्गणीच्या सवलतीसाठी ज्येष्ठ म्हणजे ६५ वर्षं धरली आहेत आणि जेवणाच्या सवलतीसाठी ६०. ही चूक आहे, की कधीकाळी झालेला ठराव? कोडकडे बघून ते सांगता येत नाही. कोणीतरी मुद्दाम 'जेवणाला साठच धरा, आमचे आई-बाबा या वर्षी येणार आहेत' असा आग्रह धरून मंजूर करून घेतलेलं असू शकतं! तेव्हा कागदावर टिपून ठेवावं, अध्यक्षांना विचारावं आणि बदल करायचाच तर वेगळ्या दिवशी, वेगळी टोपी घालून करावा. दोन्ही एकदम केलं आणि रक्कम बदलली, तर ती हलवाहलवीत बदलली की दुरुस्तीमुळे, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमच्यातलेच काही वाचक संपादकांना पत्र लिहितील. लहान म्हणजे चांगलंच असं नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन औस्टरहाउट यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात फार बारीक तुकड्यांविरुद्ध बजावलं आहे. 'डूम' या प्रसिद्ध खेळाचे प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी २००७ मधल्या एका ईमेलमध्ये तर, एकाच ठिकाणाहून बोलावला जाणारा तुकडा पुष्कळदा जागेवरच ठेवलेला बरा, म्हणजे काय कोणत्या क्रमाने घडतं ते सलग दिसतं, अशी बाजू मांडली होती. दोघांचंही म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कल्पना करा, आमटीच्या कृतीत 'डबा उघडणे-क्रिया पाहा', 'चमचा भरणे-क्रिया पाहा' असं लिहिलेलं असेल तर? दर ओळीला पान उलटून स्वयंपाकीण वेडी व्हायची. 'फोडणी' हा शब्द चालतो, कारण आत न डोकावता त्यावर विश्वास ठेवता येतो. एका तुकड्याचा अर्थ लावायला दुसरा तुकडा उघडावा लागत असेल, तर ते दोन तुकडे नव्हेतच. एकाचे उगाच दोन केले आहेत. ते परत जोडावेत, त्यात कमीपणा नाही.

म्हणून आमच्या मते लांबी हा खरा मुद्दाच नाही. नाव हा खरा मुद्दा आहे. ज्या तुकड्याला खरं, पुरेसं नाव देता येतं तो तुकडा. साठ ओळी की सहा, हा त्यानंतरचा प्रश्न.

आणि आपल्या मराठीत या बाबतीत मोठी गंमत आहे. 'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे' यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा, पण अर्थ दोन टोकांचे! कोणाचा तरी जुना कोड हातात आला की आम्ही लोक पहिला तासभर नावं ठेवण्यात घालवतो. कोणी लिहिलंय हे? डोकं ठिकाणावर होतं का? पण लिहिणाऱ्याची ती शुक्रवारची रात्र आपल्याला दिसत नाही. आपल्यातली कितीतरी मंडळी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या देशात आली ती वाय-टू-केच्या कामासाठी. ते काम काय होतं? अनोळखी माणसांनी वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोबोल वाचायचा आणि त्यात दोन आकडी सालं कुठे दडली आहेत ते शोधायचं. मूळ लिहिणारे कोणी निवृत्त झालेले, कोणी देवाघरी गेलेले. या मंडळींची इथली पहिली भाडी, पहिल्या गाड्या, भारतात पाठवलेले पहिले पैसे हे सगळं दुसऱ्याचा कोड वाचण्यावर उभं राहिलं. वाचणाऱ्याचे हाल आपल्याइतके कोणाला कळणार?

शिवाय आपण एका जागी राहणारे लोक नव्हे. प्रोजेक्ट संपतं, नोकरी जाते, व्हिसाचं काही होतं, आई-वडिलांसाठी परतावं लागतं. माणूस गाव सोडतो, कोड मागे राहतो. भाड्याचं घर सोडताना आपण ओटा पुसून, किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून जातो, कारण मागून येणारा अनोळखी असला तरी माणूसच असतो. तेवढंच इथे करायचं आहे.

कोणी म्हणेल, आता हे सगळं यंत्र करतं की! खरं आहे. निवडलेल्या ओळी उचलून त्यांचं फंक्शन करून देणारी सोय आज बहुतेक संपादन-प्रोग्रॅममध्ये असते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तर सांगाल तेवढा कोड मिनिटभरात लिहून देतात. पण म्हणूनच हा विषय पूर्वीपेक्षा जास्त निकडीचा झाला आहे. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं नाही. मिनिटभरात आलेल्या चारशे ओळी बरोबर आहेत असं म्हणून खाली सही कोणाची पडते? आपलीच. यंत्र नावही सुचवतं, पुष्कळदा बरं सुचवतं. ते नाव खरं आहे की नाही हे मात्र काम समजलेल्या माणसालाच सांगता येतं. ६५ आणि ६० मधला फरक चूक होता की ठराव, हे यंत्राला कुठून ठाऊक? अध्यक्षांना फोन आपल्यालाच करावा लागतो.

'मॅनेजर याला वेळ देत नाही' ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. उपाय असा की त्याचं वेगळं प्रोजेक्ट मागूच नये. तीन महिने द्या, सगळा कोड स्वच्छ करतो, असं म्हटलं तर कोणताही शहाणा मॅनेजर नाहीच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. ज्या फंक्शनमध्ये आज ना उद्या बदल करायचाच आहे, त्यातला एकच तुकडा बदलाच्या आधी वेगळा काढावा. अर्धा तास लागतो. पुढच्या बदलाला दुसरा. ज्या फंक्शनला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही आणि जे बिनबोभाट चालतं, ते कितीही कुरूप असलं तरी निवांत राहू द्यावं.

आणि ज्यांच्या मंडळात असा एखादा नोंदणीचा प्रोग्रॅम आहे, त्यांनी गणपतीची नोंदणी उघडायच्या पुष्कळ आधी, एखाद्या रिकाम्या शनिवारी दोघांनी मिळून बसावं. एकाने वाचावं, दुसऱ्याने विचारावं, 'या तुकड्याला काय म्हणायचं?' उत्तर एका दमात आलं तर तुकडा काढावा. नाही आलं तर चहा ठेवावा आणि पुन्हा वाचावं.

बाकी क्षेम. पुढच्या अंकात भेटूच!